नंबरप्लेटमागचा हिरवा

माईंचं माझ्याशी पहिलं बोलणं झालं ते माझ्या सायकलवरून. लांज्याच्या आतल्या एका गावातून मी रत्नागिरीच्या कॉलेजात आलो होतो आणि मांडवीकडच्या एका आळीत खोली घेऊन राहिलो होतो. सायकल चुलत्यांची, जुनी. चेन पडली म्हणून रस्त्याच्या कडेला बसलो होतो. शेजारच्या फाटकातून एक उंच, सडपातळ बाई बाहेर आल्या, डोळे बारीक करून सायकलकडे पाहिलं आणि विचारलं, "रस्त्यावर चालते?"

मी म्हटलं, "चालते."

"शर्यतीत?"

"नाही हो."

"पन्नास वर्षांनी कोणी हिला जपून ठेवील?"

मला हसू आलं. त्या मात्र हसल्या नाहीत. "एका प्रश्नाला हो आलं ना? पुष्कळ झालं. बहुतेकांचं तेवढंही येत नाही," म्हणाल्या आणि चेन बसवायला आतून ग्रीसचा डबा घेऊन आल्या.

त्या माई पाटणकर. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान आगबोटीवर इंजिनिअर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आणि घराच्या बाजूला, कौलारू शेडमध्ये, एक गाडी होती. दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची, गडद हिरवी इंग्लिश स्पोर्ट्स कार. कुणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना मुंबईत टाकून गेला, ती यजमानांनी घेतली आणि नव्या नवरीला शेजारी बसवून रत्नागिरीला आणली. त्या काळी रत्नागिरीत ॲम्बॅसेडर म्हणजे मोठी गोष्ट होती. ही गाडी निघाली की माणसं दुकानातून उठून बाहेर येत.

आंबा घाटात यजमानांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "आता तू." माईंनी त्याआधी बैलगाडीचा कासराही धरला नव्हता. पहिल्याच वळणावर गाडी कठड्याला घासली आणि डाव्या दारावर हातभर ओरखडा उठला. माई रडायला लागल्या. यजमान खाली उतरले, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही तुझी सही. आता गाडी तुझी." तो ओरखडा त्यांनी कधी बुजवू दिला नाही. ही हकीकत माईंनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी त्यांचा हात हवेत त्या ओरखड्याच्या लांबीएवढा सरकायचा.

यजमानांचे एक बोटीवरचे मित्र बंदराबंदरांतून मोटारींची इंग्रजी मासिकं पाठवत. ती कित्येक महिने शिळी होऊन येत, पण माईंना त्याचं काही वाटत नसे. "गाडी काय मासळी आहे शिळी व्हायला?" म्हणायच्या. रविवारी दुपारी त्या ओटीवर मासिक उघडून बसत. समोर आळीतली दोन माणसं ठरलेली असत. एक ताराबाय, मासळी विकून रिकामी टोपली घेऊन परतताना पाणी प्यायला टेकणारी. आणि दुसरे हसनभाई. हे होड्या रंगवत. दर वर्षी पावसाळा संपला, की होड्या पाण्यात लोटायच्या आधी त्यांचे हात महिनाभर रंगाने माखलेले असत. होडीच्या लाकडाला लावायचं काजूच्या टरफलांचं तेल ते माईंच्या गाडीच्या पोटालाही फासत, म्हणून समुद्राच्या इतक्या जवळ राहूनही त्या गाडीला गंज शिवला नाही.

मी फर्स्ट इयरला इंग्रजीत नापास झालो तेव्हा माईंनी मलाही त्या ओटीवर बसवलं. "पाठ्यपुस्तक मिटव," म्हणाल्या. "ह्या तीन गाड्या आहेत. एक इटालियन, एक जर्मन, एक इंग्लिश. कुठली कशात सरस, ते मला इंग्रजीत सांग. चुकलास तरी चालेल, थांबलास तर चालणार नाही."

माझं अडखळत सुरू व्हायचं आणि मध्येच तारा टोपलीवर हात ठेवून चित्रात डोकवायची.

"गो माई, ही तांबडी तर जमिनीलाच चिकटलीय. लुगडं नेसून हिच्यात बसायचं म्हंजे विहिरीत उतरायचं!"

"ती इटालियन. लुगड्यासाठी नाही केलेली."

"मग टोपली कुठं ठेवायची?"

"टोपली नाही ठेवायची."

"टोपली नाय, लुगडं नाय. मग काय कामाची?"

"लिहून घे, वसंता," माई गंभीरपणे मला म्हणायच्या. "इटालियन. शर्यतीत पहिली. रस्त्यावर ताराने नापास केली. पण पन्नास वर्षांनी लोक देवघरात देव ठेवतात तशी ठेवतील."

हसनभाईंना जर्मन गाडी पसंत होती, कारण तिचं इंजिन मागे होतं. "मशीन मागं पायजे. होडीचं कुठं असतं? मागंच ना? हा बनवणारा दर्यावरचा माणूस असणार, माई."

"जर्मन तिन्ही विषयांत फर्स्ट क्लास," माई म्हणायच्या. "पण तिच्याशी गप्पा मारता येणार नाहीत. आणि आपली इंग्लिश बघ. पावसात गळते. ज्या देशात बारा महिने पाऊस, तिथल्या लोकांनी केलेली, आणि गळते! पण तीन प्रश्नांना ती तीन वेळा 'बघू' म्हणते. 'नाही' कधी म्हणत नाही. असली गाडी सोडवत नाही रे."

हे तीन प्रश्न त्या सगळ्याला लावत. आळीतल्या मुलीला स्थळ आलं तर, नवा हेडमास्तर आला तर, बाजारात नवा साबण आला तरी. मला एकदा म्हणाल्या, "तू रस्त्यावरचा आहेस, वसंता. शर्यतीत पडू नकोस, उगाच धाप लागेल. रस्ता मात्र सोडू नकोस." आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी इंग्रजीत पास झालो, पुढे बी. ए. झालो. माझ्या वडिलांनी गावाहून आणलेला फणस माईंच्या ओटीवर ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. माई म्हणाल्या, "अहो, त्याने माझ्या सगळ्या मासिकांचा अभ्यास केलाय. आता त्याला एखादी गाडी घेऊन द्या." वडील इतके घाबरले की फणस तिथेच सोडून निघाले.

पुढे माईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या कुणाला बोलल्या नाहीत. एके सकाळी गाडी फाटकातून काढताना पुढचं चाक गटारात गेलं आणि आळीतल्या पोरांनी ती उचलून परत शेडमध्ये ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी गाडी बाहेर काढली नाही. संध्याकाळी शेडमध्येच गाडीत बसत, इंजिन चालू करत, थोडा वेळ ऐकत आणि बंद करत.

अशाच एका संध्याकाळी मला म्हणाल्या, "माझं काही नाही रे. हिचं काय होणार? पुण्याचा पुतण्या चांगला आहे, पण त्याला ही भंगार दिसते. माझ्यामागे हिला जपणारं कुणी हवं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या डोळ्यांसमोर मिळायला हवं." हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. जेवता जेवता थांबत आणि तेच बोलत.

यजमानांच्या बोटीवरच्या मित्रानेच मग मुंबईच्या एका शेटना धाडलं. जुन्या गाड्या जमवणारे. पांढऱ्या कपड्यांत आले आणि शेडमधल्या मातीत सरळ गुडघे टेकले. भिंग काढून दार, चाकं, काचा, सगळं पाहिलं. आवाज खाली आणून बोलत होते, जसा माणूस देवळात बोलतो.

"बाई, हा मूळ रंग आहे. कारखान्यातला. अशी गाडी मी आपल्याकडे पाहिली नाही. नव्याने रंगवलेल्या पुष्कळ मिळतात, पण मूळ रंग एकदा गेला की कुणालाच परत आणता येत नाही. हे तडे, हे डाग, दारावरचा हा ओरखडासुद्धा, असंच राहू द्या. फडक्याने पुसूही नका." दसऱ्यानंतर गाडी न्यायला येईन म्हणाले. तिला छपराखाली ठेवतील, महिन्यातून एकदा चालवतील, आणि माईंना हवं तेव्हा येऊन बसता येईल.

माई त्या रात्री नीट जेवल्या. "त्याने ओरखड्याला नमस्कार केला, पाहिलंस?" मला म्हणाल्या. आळीला त्यांनी एवढंच सांगितलं की गाडी चांगल्या घरी जाणार आहे, दसऱ्यानंतर.

त्याआधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं. मी त्यांना मिरजेला घेऊन गेलो. एस. टी. आंबा घाट चढत होती तेव्हा खिडकीशी बसलेल्या माईंना बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण गाडीच्या हेलकाव्यावरून त्या वळणं ओळखत होत्या. एका वळणावर माझा हात धरला. "इथे," म्हणाल्या. एवढंच.

ऑपरेशन ठीक झालं. आम्ही परतलो तेव्हा माईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. फाटकाशी सगळी आळी जमली होती. तारा पुढे होती, मागे हसनभाई हात पुसत उभे. मला वाटलं, माईंना बघायला आलेत. ताराने माईंचा हात धरून त्यांना शेडकडे नेलं. "आता बघ गो माई. नव्या डोळ्यांनी बघ."

गाडी निळी झाली होती. भर ऊन पडल्यावर समुद्र होतो तशी निळी. मधून पांढरा पट्टा, त्याखाली बारीक लाल रेघ, पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंना पिवळी कमळं. आणि मागे, होडीला नाव घालतात तसं, वळणदार अक्षरांत: माई.

"मुलगी सासरी धाडायची म्हंजे मळक्या लुगड्यात धाडतात काय?" तारा म्हणाली. "त्या मुंबईवाल्याने काय म्हणावं, रत्नागिरीला माणसं नव्हती?"

"जुना रंग अगदी गेला होता, माई," हसनभाई म्हणाले. "पापुद्रे निघत होते. काचकागदानं घासघासून काढला. नवा डबा फोडलाय, कुणाच्या होडीचा उरलेला नाय हां."

मी माईंकडे पाहू शकलो नाही. त्या गाडीच्या जवळ गेल्या. काळा चष्मा काढला. डाव्या दारावरून हात फिरवत नेला, थांबल्या, परत मागे नेला.

"इथे एक ओरखडा होता."

"होता ना!" हसनभाईंचा चेहरा फुलला. "खाचेत लांबी, पुट्टी भरली. रंगाचे दोन हात दिले. आता फिरवा हात, कळायचंच नाय."

माईंनी पुन्हा हात फिरवला. रंग अजून ओला होता कुठे कुठे, त्यांच्या बोटांना निळं लागलं.

"हो रे हसन," त्या म्हणाल्या. "खरंच कळत नाही."

मग त्या वळल्या आणि त्यांच्या नेहमीच्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "तारा, आत जा, सगळ्यांना चहा टाक. माणसं काय उभीच राहणार आहेत? आणि हसन, ही कमळं कुणाची कल्पना?"

"माझीच, माई."

"सुरेख आहेत. इटालियन लोकांना सुचली नसती."

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "माई, निदान शेटना कळवू या..." त्यांनी हात वर केला. "हसनला, आळीला कुणी काही सांगायचं नाही. तूही नाहीस." एवढंच बोलून त्या ओटीवर बसल्या आणि बराच वेळ बोटांचा निळा रंग पदराने पुसत राहिल्या. तो काही निघाला नाही.

दसऱ्यानंतर शेट आले. ताराने गाडीची ओटी भरायला नारळ आणि खण आणून ठेवला होता. शेट शेडच्या दारात आले आणि तिथेच थांबले. मग दबक्या पण संतापलेल्या आवाजात विचारलं, "हे कुणी केलं?"

हसनभाई दोन पावलं पुढे आले. त्यांना वाटलं असावं की कौतुकच आहे. त्यांनी तोंड उघडायच्या आत माई म्हणाल्या, "मी. मीच करून घेतलं."

"बाई, मी तुम्हाला इतकं सांगून..."

"सांगितलंत. पण म्हातारं माणूस. हौस झाली."

शेटनी माईंकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. ज्या बाईने मला इंग्रजी शिकवलं, माणूस केलं, तिच्याकडे कुणी असं पाहावं, हे सोसत नव्हतं. पण माईंनी मला बजावलं होतं. शेट एवढंच म्हणाले, "आता ही माझ्याकडे नेऊन काय करू?" आणि आपल्या गाडीत बसून गेले.

आळी गोंधळली. तारा नारळ हातात घेऊन उभी. "गेला? असाच? काय झालं त्याला?"

"त्यांना निळा रंग मानवत नाही म्हणे," माई म्हणाल्या.

"मग मेला रत्नागिरीत कशाला आला?" तारा कडाडली. "समोर आख्खा दर्या निळा पडलाय, तो दिसला नाय त्याला?"

माई हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं आणि डॉक्टरांनी रडायला मना केलं आहे याची मला आठवण करून द्यावी लागली. मग त्यांनी तो नारळ ताराकडून घेतला आणि गाडीसमोर स्वतः फोडला.

संध्याकाळी मला स्क्रू ड्रायव्हर आणायला सांगितला. "मागची नंबरप्लेट काढ." मी काढली. हसनभाईंनी रंगवताना प्लेट उतरवली नव्हती, भोवतीनेच ब्रश फिरवला होता. प्लेटमागे तेवढाच जुना गडद हिरवा तुकडा तसाच होता, बारीक तड्यांसकट. माई वाकून नव्या डोळ्यांनी तो बघत राहिल्या.

"वाईट वाटलं रे," म्हणाल्या. "खूप वाटलं. पण त्याने नवा डबा फोडला. आणि माझ्यासाठी घासघासून काढला. त्याला काय सांगू, तू चुकलास म्हणून?" मग सरळ होत म्हणाल्या, "लाव परत. एवढा पुरे."

जाड भिंगाचा चष्मा आला आणि माई पुन्हा गाडी चालवू लागल्या. आता जपायचं काही उरलं नव्हतं, म्हणून की काय, त्यांनी आळीतल्या एकेकाला फिरवून आणलं. ताराला टोपलीसकट. ती विहिरीत उतरल्यासारखी उतरली आणि बाजारापर्यंत ओरडत गेली.

मला चिपळूणच्या शाळेत नोकरी लागली. हजर व्हायच्या दिवशीच माझी एस. टी. चुकली, स्टँडवर पोचलो तेव्हा ती सुटली होती. मी धावत माईंकडे आलो. माईंनी पत्र्याची पेटी माझ्या मांडीवर ठेवायला लावली आणि आम्ही निघालो. हातखंब्याच्या अलीकडच्या चढावर लाल गाडी दिसली. माईंनी गिअर खाली घेतला, पदर खोचला आणि हॉर्नवर हात ठेवला. एस. टी.च्या खिडक्यांतून माणसं बाहेर वाकली. पोरं टाळ्या वाजवत होती. निळी गाडी, पिवळी कमळं, चष्मेवाल्या म्हाताऱ्या बाई आणि पेटी धरून डोळे मिटलेला मी, असे आम्ही त्या एस. टी.ला मागे टाकून गेलो.

हातखंब्याला एस. टी.च्या थांब्याशी गाडी थांबली तेव्हा माईंचा अंबाडा सुटला होता. "शर्यतीचा प्रश्न राहिला होता," म्हणाल्या. "तोही आज सुटला. जा. रस्ता सोडू नकोस." मी त्यांच्या पाया पडलो. ती आमची शेवटची धड भेट. त्यानंतर सुट्टीत येत राहिलो, पण त्या थकत गेल्या होत्या, आणि एका हिवाळ्यात गेल्या. शेवटच्या आजारात त्यांनी मला एकदाच विचारलं, "हिचं काय रे होणार?"

दिवसकार्याला मी गेलो. पुतण्या पुण्याहून आला होता. खरंच चांगला माणूस. गाडी भंगारात द्यायची म्हणून त्याने विचारलं, तर ताराबाय शेडच्या दारात टोपली पालथी घालून तिच्यावर बसली. "आधी मला वजन करा नि न्या," म्हणाली. पुतण्याने हात जोडले आणि शेडची किल्ली तिच्याच हातात दिली.

तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्याआधी आळी त्या शेडची कौलं चाळते, फुटकी बदलते. गाडीच्या पोटाला काजूचं तेल लागतं. आणि पावसाळा संपला, होड्या रंगल्या, की हसनभाई गाडी रंगवतात. कधी निळी, कधी तांबडी, एकदा तर पोपटी. इंजिन आता चालत नाही. होड्या पाण्यात लोटतात त्या दिवशी पोरं तिला ढकलत आळीच्या टोकापर्यंत नेतात, समुद्र दाखवतात आणि परत आणतात.

एका वर्षी मी त्या वेळेला गेलो होतो. हसनभाई आता खूप म्हातारे झालेले, ब्रश नातवाच्या हातात. पण मागे मात्र स्वतः बसले होते. बघतो तर त्यांनी नंबरप्लेट उतरवून ठेवली होती आणि त्या हिरव्या चौकोनाच्या कडेकडेने, श्वास रोखून, रंग देत होते. हिरव्याला ब्रशचा केसही लागू देत नव्हते.

मी विचारलं, "हसनभाई, हे तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"त्याच दिवशी, सर. शेटचं तोंड बघितलं नि कळलं, माझ्या हातनं काय झालं ते. प्लेटीमागं एवढाच वाचला होता. मी बोलणार होतो. पण माई बोलल्या, मी करून घेतलं." त्यांनी ब्रश डब्याच्या कडेला निथळवला. "एवढं मोठं माणूस माझ्यासाठी खोटं बोललं. मग मी कसं बोलायचं? गप ऱ्हायलो. त्यांना वाटू दिलं, हसनला ठाऊक नाय."

रंग वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. मग त्यांनी प्लेट आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी प्लेट जागेवर धरली, हिरवा झाकला, आणि स्क्रू घट्ट बसवले.